भट्टीशेजारचे भिंगवाले अप्पा

लोकांना मदत करण्याची मला फार जुनी खोड आहे. ज्यांना ज्यांना मी मदत केली ते पुढे मला दारातच सांगू लागले, "तुम्ही बसा. नुसते बसा." त्यातल्या बहुतेकांनी मला माफ केलं, काहींनी केलं नाही, आणि एका माणसाने माफीचा विषयच कधी निघू दिला नाही. त्यांच्याजवळची सगळ्यात मोलाची वस्तू त्यांच्या हातून गेली ती माझ्या मदतीमुळे, हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर त्यांच्याविषयी पुढे जे लिहिणार आहे ते लिहिण्याचा मला काही अधिकार उरत नाही.

त्यांचं नाव गुरुलिंगप्पा. कोल्हापुरात सगळे अप्पा म्हणत. घराणं मूळचं संकेश्वरकडचं, घरात कानडी, दुकानात मराठी. महाद्वाराच्या मागच्या अंगाला एका अरुंद बोळात त्यांचं दुकान होतं. दारावर पाटी नव्हती. तरी चित्रपटांच्या स्टुडिओतले कॅमेरेवाले, लग्नाचे फोटो काढणारे, आणि माझ्यासारखे हौशी उपद्रवी लोक बरोबर तिथे पोचत. कॅमेऱ्याची भिंगं तपासणं, निवडून देणं, आणि पावसाळ्यात सांभाळणं हा अप्पांचा धंदा. कॅमेऱ्याच्या बाकीच्या अवयवांना ते हातही लावत नसत.

मी तेव्हा एका हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. संस्थान विलीन होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. जुनी जहागीरदार मंडळी घरातलं सामान काढत होती. बंदुका, ग्रामोफोन, भुसा भरलेली जनावरं. वाघाचं मुंडकं माझ्या खोलीत मावणार नव्हतं म्हणून मी कॅमेरा घेतला. एका जहागीरदाराच्या कारभाऱ्याने तो सुंदर चामडी पिशवीसकट दिला. तो घेऊन मी ऐटीत अप्पांकडे गेलो.

अप्पा पन्नाशीच्या आसपासचे, ठेंगणे, कपाळावर विभूती, अंगात बिनइस्त्रीचा पण बर्फासारखा पांढरा सदरा. माझा कॅमेरा त्यांनी पाहिलाच नाही.

"त्ये ऱ्हाऊ द्या. भिंग काढा."

मला ते काढता येईना. मी त्याच्याशी झटापट करू लागलो तसं त्यांनी माझ्या मनगटाला धरून हात बाजूला ठेवला, एखाद्याने ताटातली माशी उडवावी तितक्या सहज, आणि दोन बोटांनी भिंग फिरवून काढलं. मग त्यांनी ते नाकाशी नेलं. मला वाटलं, विभूती लावणारा माणूस आहे, काही विधी असेल. ते वास घेत होते.

"मास्तर, ह्यात बाग लागलीया."

मी म्हटलं, "कसली?"

त्यांनी भिंग उजेडाकडे तिरकं धरलं. आत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरले होते. बुरशी. मी गेले पंधरा दिवस त्यातून बघत होतो आणि जग थोडं धुरकट झालंय याचा दोष माझ्या चष्म्याला देत होतो.

"ह्ये भिंग गगनबावड्याला ऱ्हायलंय," अप्पा म्हणाले. "दोन पावसाळं तरी. ह्याच चामड्याच्या पिशवीत."

मी गार झालो. कारभाऱ्याने सांगितलं होतं, साहेबांचा शिकारखाना गगनबावड्याला होता आणि कॅमेरा तिथेच असायचा. अप्पांना हे सांगणारं कुणी नव्हतं.

"कसं ओळखलंत?"

"आपल्या गावात बुरशी काठाकाठानं येती. मधोमध बैठक मारून बसाय तिकडचाच पाऊस लागतोय. आन् चामडं ओल धरतंय, त्याचा वास काचंच्या कडंला ऱ्हातो." मग त्यांनी परत एकदा हुंगलं आणि कपाळाला आठी घातली. "आन् ह्या डांबरगोळ्या कुणी घातल्या?"

"मी. म्हटलं किडा लागू नये."

"किडा लागाय ती काय शाल हाय व्हय, मास्तर?"

आठ दिवसांनी त्यांनी भिंग परत दिलं. निम्मी बुरशी गेली होती, निम्मीने काच खाल्ली होती. "उजव्या अंगाचं ऊन घिऊ नका आन् झाकण उघडं ठेवू नका, म्हंजी निभंल," असं पथ्य सांगितलं. मी ते पाळलं, आणि तिथून शाळा सुटली की त्या बोळात जाऊन बसायची मला सवय लागली.

दुकानाची एक भिंत कायम कोमट असायची. शेजारी चुरमुऱ्याची भट्टी होती. सकाळपासून तिथे वाळूत तांदूळ फुटायचे, आणि मधली भिंत तापायची. उन्हाळ्यात अप्पांच्या दुकानात बसणं म्हणजे शिक्षा. मी एकदा म्हटलं, "अप्पा, एवढ्या गावात तुम्हाला हीच जागा मिळाली?"

"मिळाली न्हाय. तीन वरसं हुडकली."

मग त्यांनी मला त्या भिंतीत बसवलेलं कपाट दाखवलं. गावाला पाऊस लागला की भिंती घामेजतात, कपड्यांना वास येतो, पुस्तकांची पानं चिकटतात. त्या कपाटात मात्र हात घातला तर पापड भाजून काढल्यासारखी कोरडी ऊब. मृग निघाला की आत पंधरा वॅटचा दिवा लागायचा तो हस्त सरेपर्यंत विझत नसे. वीज गेली तरी शेजारची भट्टी असायची. प्रत्येक भिंगाला पितळी डबी, डबीत मलमलीच्या पुरचुंडीत भाजलेले तांदूळ. दर सोमवारी ते तांदूळ काढून भट्टीवरून पुन्हा भाजून आणायचे. स्टुडिओवाले मृगाच्या आधी आपली भिंगं आणून द्यायचे आणि दसऱ्याला घेऊन जायचे. इतक्या पावसाळ्यांत अप्पांच्या कपाटात एकाही भिंगाला बुरशी लागली नव्हती. त्यांचं नाव होतं ते एवढ्याच गोष्टीवर, आणि त्यांना जपायचं होतं तेही एवढंच.

भिंग पुसायला ते कुणाला देत नसत. स्वतःही सहसा पुसत नसत. आधी रबरी फुग्याने फुंकायचं, मग खारीच्या केसांचा ब्रश, आणि त्यानेही भागलं नाही तरच फडकं. फडकं स्वतःच्या जुन्या धोतराचं, रिठ्यात धुतलेलं, सावलीत वाळवलेलं, पाच-सहा वर्षं नेसून मऊ झालेलं. नवं कापड त्यांना चालत नसे. "धुळीनं भिंग मरत न्हाय मास्तर," ते सांगत, "पुसणाऱ्यानं मरतंय." हे वाक्य मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल. ऐकणं आणि कानात शिरणं यांत काय अंतर असतं ते मी पुढे सिद्ध केलं.

भिंग निवडण्याची त्यांची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. एकाच कंपनीची, एकाच आकड्याची पाच भिंगं समोर ठेवली तरी अप्पा म्हणायचे, "पाच भावंडं हायत. एकसारखी कशी असतील?" मागच्या खोलीत, जिथे त्यांचं घर सुरू व्हायचं, तिथे खिडकीपाशी एक स्टूल होतं. त्यापासून मोजून आठ फुटांवर जुना लाकडी कॅमेरा. त्यात कुठलंही भिंग बसवता यावं म्हणून त्यांनी पुढच्या फळ्या स्वतः कोरून केल्या होत्या. स्टुलावर बसायच्या त्यांच्या बायको, नीलाक्का. हातात छातीशी उघडलेलं वर्तमानपत्र. पेपराच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं फुटतात का, म्हणजे सुटी सुटी वाचता येतात का, ते बघायचं आणि मधोमध अक्कांच्या पापण्या मोजता येतात का ते बघायचं. प्रत्येक फोटोच्या मागे अप्पा पेन्सिलीने लिहीत, 'डावा कोपरा हलका', 'खालची ओळ फुटते', 'मध्ये ठीक'. असे कितीतरी फोटो एका पत्र्याच्या पेटीत भरले होते.

अक्का अंगाने मोठ्या, आवाजाने त्याहून मोठ्या. बसून कंटाळा आला की म्हणायच्या, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. मग काच उघडी असो की झाकलेली, त्या उठून जायच्या.

"चुलीवर आमटी उकळत्या, मी हितं पेपर धरून बसलोय," त्या मला सांगायच्या. "पेटीभर फोटो काढल्यात ह्यांनी माझं. मागं काय लिवलंय बघा. कोपरा हलका. मी हलकी का जड, ते लिवलंय व्हय कुठं?"

"तुझं काय तपासायचंय?" अप्पा आतून म्हणायचे.

एकदा चिडून अक्कांनी पेपर उलटा धरला. अप्पांनी फोटो काढला, धुतला, जाड भिंगाखाली अक्षरं तपासली आणि मागे लिहिलं, 'चारी कोपरे उत्तम'. अक्षरं उलटी आहेत हे त्यांना दिसलंच नाही. अक्का तो फोटो जपून ठेवून होत्या आणि येईल त्याला दाखवायच्या.

या सगळ्या तपासणीला एक माप होतं. अप्पांचं स्वतःचं भिंग. त्याला ते 'थोरलं' म्हणत. तरुणपणी मुंबईला एका दुकानात चार दिवस बसून अठरा भिंगांतून त्यांनी ते निवडलं होतं. नवं भिंग आलं की त्यातून एक फोटो आणि थोरल्यातून एक फोटो, शेजारी शेजारी. थोरल्यातून पाहिलं की पेपरातला स्वल्पविरामसुद्धा आपली शेपूट घेऊन उभा असायचा. मी त्या दोन फोटोंकडे बघत बसायचो आणि मला वाटायचं की आपण जन्मभर पाण्यातून बघत होतो. ते विकत मागायला पुण्याहून माणसं आली होती. अप्पांनी चहा पाजून परत पाठवलं.

आता माझी मदत.

श्रावणातली दुपार होती. स्टुडिओत नटनट्यांचे फोटो काढणारे दत्तोबा म्हणून एक गृहस्थ होते, गडगडाटी माणूस. त्यांनी परदेशाहून नवं भिंग मागवलं होतं आणि पावसाळ्यापुरतं अप्पांच्या हवाली केलं होतं. त्या दिवशी अप्पांनी ते डबीतून काढून टेबलावर ठेवलं होतं, इतक्यात पोस्टाचं काम निघालं.

"मास्तर, बसा. आलोच. कशाला हात लावू नका."

मी बसलो. भिंगाकडे बघितलं. पुढच्या काचेवर जांभळट निळी झाक होती, पाण्यावर रॉकेल सांडल्यासारखी. मी हळहळलो. एवढं नवं भिंग, आणि त्याला तेलाचा हात लागलाय. अप्पांचे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नसतील, असंही मनात आलं. त्यांनी माझ्यासाठी इतकं केलं, आपण एवढं करू.

आधी अप्पांचं धोतराचं फडकं फिरवलं. झाक हलेना. माझ्या पिशवीत बाजारातून नुकतीच घेतलेली दंतमंजनाची पुडी होती. माझ्या दातांवरचा चहा जो पदार्थ काढतो तो तेल का काढणार नाही? चिमूटभर घेतलं, थोडं ओलं केलं आणि गोल गोल घासायला लागलो. पाचेक मिनिटांत काठाची झाक गेली. मग मला हुरूप आला. पाऊण तास मी ते भिंग घासलं. आयुष्यात इतक्या एकाग्रतेने मी दुसरं काहीही केलेलं नाही. शेवटी जांभळेपणाचा मागमूस राहिला नाही तेव्हा मी ते फडक्याने पुसून बरोबर टेबलाच्या मध्यावर ठेवलं आणि हात मांडीवर ठेवून बसलो.

अप्पा आले. मी म्हटलं, "अप्पा, डाग काढला."

त्यांनी भिंग उचललं. दारापर्यंत गेले. तिरकं धरलं. बराच वेळ माझ्याकडे त्यांची पाठ होती.

"कशानं?"

"दंतमंजनानं."

त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, हात धुतले, पुसले, मग माझ्यासमोर बसून शाळेतल्या पोराला सांगावं तसं हळू सांगितलं. "त्यो डाग नव्हता मास्तर. नव्या भिंगास्नी लेप देत्यात. झगझगाट आत येऊ नये म्हणून. आपल्या गावात लेपाचं ह्येच पयलं भिंग." थोडं थांबून म्हणाले, "आन् मंजनानं काचंवर चरं पडल्यात. बारीक हायत. पर सगळीकडं हायत."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती कोमट भिंत, ते भाजलेले तांदूळ, तो न विझणारा दिवा, आणि त्या सगळ्याच्या मधोमध बसून मी, कोरड्या जागी, दिवसाढवळ्या, कुठल्याही पावसाला साधलं नसतं ते पाऊण तासात साधलं होतं. अप्पांच्या ताब्यातलं भिंग बाद झालं ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या स्टुडिओंत पोचणार, आणि पुढच्या मृगाला ते कपाट रिकामं राहणार.

अक्का दारात येऊन सगळं ऐकत होत्या. "मास्तर," त्या म्हणाल्या, "तोंड उघडा बघू. दात तरी पांढरं झाल्यात का?"

"नीला," अप्पा म्हणाले, "मास्तरास्नी च्या कर."

माझा चहा कपातच निवला. अप्पांनी मात्र सावकाश घेतला. मग उठले, कपाट उघडलं, सगळ्यात आतली डबी काढली. अक्कांचा चेहरा बदलला.

"अवो. थोरलं कशाला काढताय?"

अप्पांनी डबी धोतराच्या फडक्यात बांधली आणि मला म्हणाले, "चला."

दत्तोबा स्टुडिओत एका नटीच्या गालावर उजेड पाडायच्या खटपटीत होते. मी वाटेत कबुलीजबाब पाठ केला होता. "दत्तोबा, खरं म्हणजे मी," इथपर्यंत मी आलो, आणि अप्पांनी माझ्या मनगटाला धरून मला बाजूला केलं, त्या पहिल्या दिवशीसारखंच.

"तुमचं भिंग माझ्या टेबलावर खराब झालं," ते म्हणाले. "त्याच्या बदली ह्ये घ्या."

दत्तोबा भडकले. "खराब म्हंजी? कुणी केलं?"

"टेबल माझं हाय."

दत्तोबांनी डबी उघडली आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. कोल्हापुरात कॅमेऱ्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला ते भिंग माहीत होतं. "अप्पा," ते म्हणाले, "ह्ये थोरलं."

"व्हय."

"माझं ह्याच्या निम्म्यानं पण नव्हतं की ओ."

"ते मला ठावं हाय. फकस्त पावसाळ्यात आणून द्यायचं. चामड्याच्या पिशवीत ठेवाय लागलासा तर परत घिऊन जाईन."

एवढंच. येताना आम्ही दोघे रंकाळ्याच्या बाजूने चालत आलो. मी वाटभर क्षमा मागत होतो. अप्पा पुढे बघून चालत होते. एका ठिकाणी थांबून म्हणाले, "मास्तर, पाऊण तास घासलंसा म्हणता. हात दुखला न्हाई?" त्या दिवशी माझ्या अपराधाविषयी ते एवढंच बोलले. पुढेही कधी अवाक्षर नाही. पुढच्या मृगाला कपाट भरलं, नेहमीपेक्षा दोन डब्या जास्तच. दत्तोबांनी गावभर सांगितलं होतं ते भिंग खराब झाल्याचं नव्हे, थोरलं दिल्याचं.

त्या बाद भिंगाचं मात्र एक झालं. दोन-तीन दिवसांनी मी भीत भीत गेलो तर अप्पा ते लाकडी कॅमेऱ्यात बसवत होते. किती बिघडलंय ते बघायचं, म्हणाले. आता शेजारी ठेवायला थोरलं नव्हतं. अक्का सवयीने पेपर उघडून स्टुलावर बसल्या.

"पेपर ठेव," अप्पा म्हणाले.

"का?"

"ह्यातनं अक्षर उमटायचं न्हाय."

"मग हातात काय धरू?"

अप्पा विचारात पडले. हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलाच नव्हता. "काय नको," ते म्हणाले.

अक्कांना हातांचं काय करावं कळेना. पदर सारखा केला, हात गुडघ्यांवर ठेवले, उचलले, मग मांडीत एकात एक घालून ठेवले, आणि स्वतःच्याच गोंधळाचं त्यांना हसू आलं. तेवढ्यात अप्पांनी झाकण काढलं.

फोटो धुऊन बाहेर आला तेव्हा मी तिथेच होतो. त्यात कशाचीही कड धारदार नव्हती. माझ्या चऱ्यांनी खिडकीतला उजेड सगळीकडे पसरवला होता. केसांच्या कडेने, गालावरून, नथीवरून तो सांडत होता, आणि त्या उजेडात बसून एक बाई हसू दाबत होती. पापण्या मोजता आल्या नसत्या. मोजाव्याशा वाटल्या नसत्या.

अक्कांनी ओल्या फोटोत डोकावून पाहिलं. "ही मी व्हय?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातला गडगडाट कुठे गेला कळलं नाही.

अप्पांनी फोटो वाळवला, पालथा केला, पेन्सिल घेतली. पेन्सिल कागदापाशी थांबली. मग त्यांनी ती कानावर ठेवली आणि फोटो तसाच, मागे काही न लिहिता, पेटीत न टाकता, कोनाड्यात लिंगाच्या शेजारी उभा केला.

पुढच्या वर्षी दत्तोबा धावत आले. चाळिशी उलटलेली नटी कॉलेजातली मुलगी होणार होती, आणि कोनाड्यातल्या फोटोविषयी कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

"अप्पा, ती मास्तरांनी घासलेली लेन्स द्या की."

"ती बाद हाय."

"बादच द्या. बाईचं वय हालतंय त्यानं."

"बाद भिंग मी कुणाला देत न्हाय," अप्पा म्हणाले. तत्त्वाचा प्रश्न होता. दत्तोबा माझ्याकडे वळले आणि दुसरं एखादं घासून द्याल का म्हणून विचारू लागले. माझ्या कलेला मिळालेली ती एकमेव मागणी. मी नाही म्हणालो.

पाच-सहा वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी दुपारी निरोप घ्यायला गेलो. बाहेर पाऊस, शेजारी भट्टीत चुरमुरे फुटत होते, कपाटाच्या फटीतून दिव्याचा पिवळा धागा दिसत होता. दुकानात कुणी नव्हतं. मी मधल्या दारापर्यंत गेलो आणि थांबलो.

अक्का खिडकीपाशी स्टुलावर बसल्या होत्या. केस बरेच पांढरे झालेले. हात मांडीत एकात एक. पेपर घडी करून खाली जमिनीवर. आठ फुटांवर लाकडी कॅमेरा, त्यात मी घासलेलं ते भिंग, आणि मागे काळ्या फडक्यात शिरलेले अप्पा. नुसतं धोतर आणि टाचा दिसत होत्या.

कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर माणूस उलटा दिसतो. तिथे सगळं जुळलंय की नाही हे पाहायला अप्पांना दोन-चार क्षण पुरत. पण ते फडक्यातून बाहेर येईनात. चुलीवरच्या आमटीचा वास खोलीत आला होता. उकळून भांड्याबाहेर गेली असावी, विस्तवावर चर्र झालं. मी दारात उभा राहून वाट बघत होतो की अक्का आता "साकु" म्हणतील आणि उठतील, मग मी हाक मारीन.

अक्का म्हणाल्या नाहीत. मी हाक मारली नाही. कशाला हात न लावता तसाच मागे वळलो.